मस्कतला गेलेला पासवर्ड

गास,
८ जानेवारी २००२

प्रिय कॉन्रॅड,

प्लासिडचा नमस्कार घे. नवं वर्ष तुला सुखाचं जावो असं मी एक तारखेलाच मनात म्हणालो होतो, कागदावर आज उतरतंय. तुझी कंबर आता कशी आहे? मागच्या पत्रात (चार ओळी आणि एका उंटाच्या फोटोला पत्र म्हणायचं असेल तर) तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. तुझी आई, म्हणजे सालोमी मावशी, ठणठणीत आहे. रविवारी मिस्सानंतर भेटली, तू वेळेवर जेवतोस का ते मला विचारत होती. जेवतो म्हणून मी ठोकून दिलं. आमची आई बरी आहे. रोझलिनही बरी आहे. तिला सत्तावीस तारखेला, रविवारी, नंदाखालचे लोक बघायला येणार आहेत. मुलाचं नाव केनी, एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे, पीत नाही, घरची विहीर आहे. मला तर पसंत आहे. रोझलिन म्हणते, बघू. गेली दोन वर्षं ती प्रत्येक स्थळाला बघू म्हणते आणि मग काही बघत नाही. आईने या वेळी सांगून टाकलंय की हो म्हणायचं नसेल तर कारण सांग, नुसतं बघू चालणार नाही.

असो. आता तुझ्या त्या राउटरबद्दल. मी अगदी शांतपणे लिहितोय, हे लक्षात ठेव. तू मस्कतला जाण्याआधी पतपेढीत जी पेटी बसवून गेलास, जिच्यामुळे आमची गासची शाखा विरारच्या मुख्य ऑफिसशी जोडलेली असते, ती नाताळच्या दुसऱ्या दिवशी वीज जाऊन आली आणि बसली. दिवे लुकलुकत होते, पण विरारशी लाइन लागेना. लाइनवाल्यांनी फोनवर सांगितलं, आमची बाजू ठीक आहे, तुमच्या राउटरला कन्सोल केबल लावून आत काय झालंय ते बघा. तोवर आमचा शिपाई परेश रोज फ्लॉपी खिशात घालून एसटीने विरारला जायचा. चेअरमन म्हणाले, सात तारखेच्या संध्याकाळपर्यंत लाइन लागली नाही तर काउंटर विरारला हलवू, तुम्ही दोघं भाऊबहीण तिकडे या. कॉन्रॅड, मी गासमध्ये जन्मलो, गासमध्ये शिकलो, दुपारी घरी येऊन भात खातो. विरारला माझं काय काम?

तुला फोन का नाही केला म्हणशील. तीनदा आयएसडी लावला. तिन्ही वेळा तुमच्या मेसचा स्वयंपाकी आला आणि 'नो कॉन्रॅड' म्हणून ठेवून दिला. तुझ्या नावापुढे नो लावायला त्याला इतका उत्साह का, ते एकदा विचार.

तर तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद मी वाचला. एक नंबर ओळ: निळी चपटी केबल घ्या. केबल कुठे होती? कपाटात नव्हती, ड्रॉवरमध्ये नव्हती, माळ्यावर नव्हती. मी परेशची चौकशी केली. (चौकशी म्हणजे खुर्ची देऊन, व्यवस्थित. तो याला आरडाओरडा म्हणतो.) साफसफाईवाल्या बाईंना विचारलं, कुलूपवाल्याला विचारलं, झेरॉक्सवाल्यावर तर माझा पक्का संशय होता. दहा दिवस असे गेले. मग सहा तारखेला, तीन राजांच्या सणाला, संध्याकाळी मी शिडी लावून आमच्या अंगणातला नाताळचा तारा उतरवायला चढलो, आणि आंब्याच्या फांदीला तारा कशाने बांधलाय ते बघितलं. निळी. चपटी. एका टोकाला काचेसारखी क्लिप, दुसऱ्या टोकाला नऊ भोकांचं चौकोनी तोंड, जे मी स्वतः पानांत लपवलं होतं, कारण ते दिसायला बरं दिसत नव्हतं. टेलिफोनची जुनी वायर समजून मीच ती नेली होती रे. गाठ इतकी चांगली मारली होती की सोडवायला अर्धा तास लागला. परेशची माफी काही मागितली नाही, पण त्याला राजेळी केळ्यांची एक फणी दिली. त्याने ती घेतली आणि हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

काल सोमवारी, म्हणजे मुदतीच्या दिवशी, सकाळी नऊला बसलो. केबलचं एक टोक राउटरच्या भोकात गेलं. दुसरं कॉम्प्युटरच्या मागे जाईना, कारण त्या जागी माउस लावलेला. मी माउस काढला आणि केबल लावली. मग प्रोग्रॅम उघडायला गेलो तर क्लिक कशाने करणार? पाऊण तास मी त्या बाणाकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे. शेवटी परेशने मागे वाकून दाखवलं की तसलीच दुसरी जागा शेजारी रिकामी आहे. (त्याला आणखी केळी दिली नाहीत.) पुढे कागदावर इंग्रजी आकड्यांत वेग लिहिला होता. मला तो ४६०० दिसला. यादीत तसा आकडाच नव्हता, म्हणून जवळचा म्हणून ४८०० घेतला, तर पडद्यावर चौकोन, उलटी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेले स्वर असलं काय काय यायला लागलं. मला वाटलं, तू मस्कतला गेल्यापासून ही पेटीसुद्धा तिकडचंच बोलायला लागली. तेवढ्यात रोझलिन काउंटरवरून आली, कागदाकडे नीट बघितलंसुद्धा नाही आणि म्हणाली, "चार नाही, नऊ आहे तो. कॉन्रॅड नऊ असाच काढतो." ९६०० केल्याबरोबर इंग्रजी सरळ झालं. पतपेढीत राहून पोरगी आकड्यांत तयार झालीय, मला बरं वाटलं.

आणि मग राउटरने पासवर्ड मागितला. कागदावर पासवर्डच्या पुढे काय लिहिलंयस? 'माहीत आहे.' कोणाला माहीत आहे, शहाण्या? तुझ्या आईचं नाव घातलं, तुमच्या मेलेल्या कुत्र्याचं घातलं, देवळाचं, शाळेचं, तुझ्या स्कूटरचा नंबर घातला. तीन चुकले की ती पेटी तोंड मिटते आणि पुन्हा पहिल्यापासून. टाइप करताना पडद्यावर काही उमटतही नाही, मी कीबोर्ड दोनदा आपटला. चार वाजले. विरारहून चेअरमनचा फोन आला, मी बाथरूममध्ये आहे असं परेशने सांगितलं. खोटं नव्हतं, मी तिथे जाऊन उभाच होतो. बाहेर आलो तर रोझलिन माझ्या खुर्चीत. म्हणाली, उघडलंय, पुढच्या ओळी तू टाइप कर. तुझ्या कागदावरच्या तीन ओळी मारल्या आणि साडेचारला विरारशी लाइन लागली. परेशने टाळ्या वाजवल्या. पण पासवर्ड काय होता म्हणून विचारलं, तर रोझलिन म्हणते, अंदाजाने टाकला, आता आठवत नाही. डोळे मात्र लाल होते.

तुझ्यासाठी केळी वाळवून सुकेळी केलीत, सालोमी मावशीच्या डब्यात कोणाबरोबर तरी पाठवू. कंबर सांभाळ.

तुझा,
प्लासिड

ता. क. पासवर्ड रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचा चेअरमनचा हुकूम आहे. तेव्हा उलट टपाली कळव. उंट नको.

ता. क. दुसरा. जेवताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पासवर्ड म्हणजे आमच्या बाबांचं नाव, फ्रेडरिक. हो ना? बागेतली मोटर उघडायला तुला त्यांनीच शिकवलं, तू ते विसरला नाहीस. रोझलिनचे डोळे भरून आले ते उगाच नाही. कॉन्रॅड, मला फार बरं वाटलं रे. तू घरचाच आहेस, म्हणून एक काम सांगतो, आणि खरं तर पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं: रोझलिनला दोन ओळी लिही. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. केनी चांगला मुलगा आहे, हो म्हण, असं तिला समजावून सांग.

ता. क. तिसरा. कॉन्रॅड, पत्र पोस्टात टाकायला दादाने माझ्याकडे दिलं. मी उघडून वाचलं, आणि त्याबद्दल माफी मागत नाही. तो बाबांचं नाव समजतोय, समजू दे. मला दोन ओळी लिहू नकोस. पतपेढीत फोन कर, नंबर तुला पाठ आहे, दुपारी दादा भात खायला घरी जातो. पासवर्ड मी अजून बदललेला नाही. ठेवायचा की बदलायचा, तेवढं सत्तावीसच्या आत सांग.
रोझलिन