हंसा मॅडमचा पेपर

पालघर,
२५ जून १९८८

ती. सौ. वत्सुताईस,
एकनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्राला उशीर झाला. होड्या किनाऱ्यावर ओढून झाल्या असतील आणि भाऊजी जाळी दुरुस्त करता करता तुझ्या चहाला नावे ठेवत असतील. त्यांना सांग, श्रावण संपेपर्यंत तोच चहा प्यायचा आहे.

आमच्या राज्यशास्त्र विभागात आम्ही चौघे. झुंबर सर साऱ्या जगाचे राजकारण शिकवतात आणि पालघरबाहेर पाऊल टाकत नाहीत. बन्सी सरांकडे लोकप्रशासन. त्यांच्या टेबलावरचा कागद मात्र आठवडाभर हलत नाही. माझ्याकडे राजकीय विचार. हंसा मॅडमकडे स्थानिक स्वराज्य, म्हणजे ग्रामसभा, पंचायत वगैरे. त्या अजून तात्पुरत्या नेमणुकीवर आहेत.

दर जूनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर प्रत्येकाने आपल्या पेपरची ओळख करून द्यायची, मग मुलांनी निवड करायची, ही आमची रीत. माझा आणि हंसा मॅडमचा यांतला एकच पेपर घेता येतो. मॅडम बोलल्या त्या हळू: गावची विहीर, रस्ता, मासळी वाळवायची जागा. विभागप्रमुख म्हणून मी शेवटी उठलो आणि ताई, मी पेटलो! माणूस सत्तेपुढे मान का तुकवतो? स्वतः विचार करणाऱ्या एका माणसाला सिंहासने का घाबरतात? टाळ्या थांबेनात. वर्ग सगळा माझ्याकडे आला, आपली सुलूसुद्धा. मॅडमकडे दोनतीन मुले उरली. पंधरा मुले नसतील तर पेपर बंद, आणि पेपर बंद तर मॅडमची नेमणूकही बंद, असे प्राचार्यांनी काल सांगितले.

मी काय वाईट केले? माझाच विषय मांडला ना? तरी मॅडमनी नेहमीसारखा चहाचा कप पुढे सरकवला, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. असो. भाची मामाच्या वर्गात बसणार, याचा आनंद तरी तू मान.

सर्वांना नमस्कार. धाकट्यावरची माया राहू दे.

तुझा
एकनाथ


नवापूर,
१ जुलै १९८८

चि. एकनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. चहाचा निरोप तुझ्या भाऊजींना दिला. ते म्हणाले, प्रोफेसराला म्हणावे, येऊन पिऊन दाखव.

आनंद मान म्हणतोस, तो कुठून आणू? सुलू हंसा मॅडमचाच पेपर घेणार होती. उन्हाळ्यात मॅडम इथे आल्या, आमच्याबरोबर वाळूत बसल्या. बोंबील वाळवायच्या जागेवर गाड्यांचा तळ होणार, अशी बोलवा होती. हे कोणी ठरवले, कोणासमोर ठरवले, असे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, असे त्यांनी सांगितले. मग आम्ही बायका ग्रामसभेला गेलो. मी उभी राहून विचारले, आमी मासळी वाळवायची कुठं, तुमच्या पडवीत? सगळे हसले, पण जागा राहिली. त्या दिवसापासून सुलूने ठरवले होते. परवा घरी आली ती तुझ्याच आवाजात बोलत. विचारले, तर म्हणाली, मामा बोलतो तेव्हा दुसरे काही आठवतच नाय.

बाबा तुला किनाऱ्यावर लिलाव पुकारायला उभा करत, ते विसरलास? तुझा आवाज लागला की आपली शिळी पाटी आधी उठायची आणि हिराकाकूची ताजी मासळी उन्हात पडून राहायची. तेव्हा आपण हसायचो. तुझा विषय शिळा आहे असे मी म्हणत नाही. पण शेजारणीच्या पाटीवर ओरडू नये, एवढे आमच्या बाजारातही पाळतात.

काय ते निस्तर. मात्र आधी मॅडमना जाऊन विचार. त्यांना विचारल्याशिवाय तोंड उघडू नकोस.

रागावले तरी मी तुझीच आहे. जपून राहा.

वत्सुताई


पालघर,
७ जुलै १९८८

ती. सौ. वत्सुताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र खिशात घालून कॉलेजात गेलो आणि त्यातले अर्धेच ऐकले. सरळ वर्गात शिरलो. म्हटले, स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारे पुष्कळ. ते गावच्या चावडीवर आहे की नाही, हे पाहणारे कोण? तुझ्या पडवीचा प्रश्नही सांगितला. मुले उठून उभी राहिली. जवळजवळ सगळ्यांनी निवड बदलली. प्राचार्य हो म्हणाले. मी हलका होऊन मॅडमना बातमी द्यायला गेलो. वाटले, त्या आभार मानतील.

त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, सर, मुले गेली तीही तुमच्या आवाजावर आणि आली तीही तुमच्याच आवाजावर; माझ्याकडे कोण आले? भीक घातलेला वर्ग मी शिकवू शकणार नाही. निवड पुन्हा घ्या. या वेळी कोणीच बोलायचे नाही, आणि तुम्ही खोलीतही नको. पंधरा आली तर राहीन, नाहीतर जाईन.

मी खूप विनवले. नोकरी जाईल म्हटले. त्या म्हणाल्या, ते मला तुमच्याआधी कळलंय. निवड उद्या आहे. ताई, मी सायकल स्टँडपाशी थांबणार आहे. प्रार्थना करणारा मी नव्हे, पण तू कर.

तुझ्या रागाचा हक्कदार,
एकनाथ


नवापूर,
११ जुलै १९८८

चि. एकनाथ यास,
आशीर्वाद.

सुलू घरी आली ती रडतच. मॅडमचा पेपर बंद झाला, हे तिच्याकडूनच कळले. मी विचारले, तू तरी नाव घातलेस ना? नाही घातले. म्हणाली, सगळे मॅडमकडे गेले तर मामाचा वर्ग रिकामा राहील, त्याला किती लागेल! वर्गातल्या बहुतेकांनी असाच विचार केला म्हणे. सायकल स्टँडपाशी तू उभा होतास, तो सगळ्यांना खिडकीतून दिसत होतास.

तिला मी बोलले नाही. तूही बोलू नकोस.

वत्सुताई


पालघर,
१९ जुलै १९८८

ती. सौ. वत्सुताईस,
सा. न. वि. वि.

सुलूला मी एक शब्दही बोललो नाही. मॅडम शनिवारी गेल्या. केळव्याला माहेरी राहणार आहेत. पुढचे काही ठरलेले नाही. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, सर, आता माफीवर भाषण नको. झुंबर सर खाली बघत राहिले, बन्सी सर खोलीबाहेर गेले.

काल माझ्या पेपरचा पहिला तास होता. वर्ग गच्च भरला होता. मी म्हटले, आज मी बोलणार नाही. हंसा मॅडमच्या बाबतीत मी चुकलो असे ज्याला वाटते, त्याने उठून तसे सांगावे. माझ्याविरुद्ध बोलता आले, तरच हा विषय तुम्हाला आला असे मी मानीन. मी खुर्चीत बसलो आणि वाट पाहिली. कोणी उठले नाही. मग पुढच्या बाकावर कोणीतरी वही उघडली. माझ्याविरुद्ध बोलण्याचे माझे ते वाक्य सगळ्यांनी खाली मान घालून उतरवून घेतले. सुलूनेही.

लोभ करावा असे काही उरले नाही. तरी तो सोडू नकोस.

तुझा
एकनाथ