पीटर, चौदा वर्शोक

६ मे

झाली एकदाची यादी! पीटरपासून शेवटच्या निकोलसपर्यंत सगळ्या रशियन सम्राटांच्या उंच्या. पीटर चौदा वर्शोक, तिसरा अलेक्झांडर साडेअकरा, शेवटचा निकोलस बिचारा सहा. जुन्या रीतीनेच लिहिल्या — पहिले दोन अर्शीन, म्हणजे जवळजवळ पावणेपाच फूट, धरलेलेच असतात, ते कोणी बोलत नाही, वरचे वर्शोक तेवढे सांगायचे, पावणेदोन इंचांचा एक. माझ्या तर कपाळापाशीच दोन अर्शीन संपतात!

येफीम लुकीच सुतार यादी न्यायला आले. आमच्या संग्रहालयासाठी सगळे सम्राट खऱ्या उंचीचे, फळीतून कापून, रंगवून देणार आहेत. जाताना म्हणतात, "आणि तुम्ही किती वर्शोक, कापितोलिना साव्विश्ना?" म्हटलं, दोन. पण राजांच्या यादीत माझं काय काम? तर म्हणे, "सुताराला सगळी मापं लागतात."

चोवीस तारखेला प्रांताची समिती येणार. आवडलं नाही तर संग्रहालयाला कुलूप. तीस वर्षं मी इथे आहे. जाऊ कुठे? भीती वाटते, खरंच.

१४ मे

कोबीचे पिरोग करपले. लक्षच नाही कशात.

२३ मे

सम्राट आले — सगळेच्या सगळे एका हातगाडीत! पीटर माझ्या मांडीएवढा. निकोलस वीतभर!

"अहो, दोन अर्शीन कुठे गेले?" मी किंचाळले.

"यादीत नव्हते. चौदा म्हणजे चौदा, मोजून घ्या." येफीम लुकीच यांचा चेहरा कसा साळसूद!

तिकिटावरची झोया हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. "लापशी घाला त्यांना, उद्यापर्यंत वाढतील!"

दुसरे करायला वेळ नाही. मेले मी.

२४ मे

ठेवले तसेच. करणार काय?

समितीच्या बाई आल्या — माझ्याहून दोन बोटंच उंच असतील. रांगेपुढे थांबल्या. झालं, आता कुलूप, म्हटलं. तर बाईंनी पीटरच्या टोपीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझा फोटो काढा बरं! एवढ्या नोकरीत साहेबाला वरून बघायची ही पहिलीच वेळ." मग शाळेची पोरं आली, मग पोरांच्या आया. दुपारी तिकिटं संपली. बाई निघताना म्हणाल्या, "कुलूपबिलूप काही नाही."

सगळे गेल्यावर मीही पीटरजवळ उभी राहिले. शाळेत मला मुंगी म्हणायचे. जन्मभर सगळ्यांकडे मान वर करून बोलले. आज सगळं राजघराणं माझ्या पायाशी! आधी हसू आलं, मग रडू.

येफीम लुकीच दाराशी उभे होते. सूर्यफुलाच्या बिया सोलत होते.

२६ मे

सकाळी दारात एक फळी टेकवलेली. रंगवलेली मी! निळा स्वेटर, चष्मा, हातात यादी. शेजारी उभी राहून पाहिलं — केसाचाही फरक नाही.

मागे पेन्सिलीने लिहिलंय: "दोन वर्शोक. दोन अर्शीन धरून."

म्हणजे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं!

चहाचा सामोवार चढवलाय. त्यांना बोलावून आणते.