नाक्यावरचे चार दिवस

प्रिय दादा,

हे पत्र मुद्दाम तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. कार्यालयात आलेलं पत्र आधी तुझा सचिव वाचतो, लाल पेनाने खुणा करतो आणि मग तुझ्यापुढे ठेवतो, हे मला ठाऊक आहे. हे तू स्वतः वाच. वहिनीला दाखवलंस तरी चालेल.

आधी खुशाली. आई बरी आहे, गुडघ्यांची कुरकुर सोडली तर. कारखानाही चालू आहे, पण पाच टेबलांपैकी दोनच. बाकीच्या तिन्हींवर चादरी घातल्यात. शाळेतून आल्यावर बाबा आपल्याला ब्रशच्या केसांच्या जुड्या बांधायला बसवायचे. तुझी जुडी हमखास सुटायची आणि तू दोष दोऱ्याला द्यायचास. बाबा हसायचे. मीही हसायचे. आता हसू येत नाही, कारण परवा टीव्हीवर तू तेच करत होतास.

रंगाऱ्याचा ब्रश म्हणजे काय मोठी गोष्ट, असं लोकांना वाटतं. जनावरांचे केस सीमेपलीकडून यायचे, आपण बांधायचो, आणि निम्मा माल पुन्हा पलीकडेच विकला जायचा. बाबांच्या काळापासून आपला ट्रक नाक्यावर कधी थांबला नव्हता. मग तू कारखान्याच्या अंगणात पिंपावर चढून बोललास: शेजारी देशांच्या व्यापारसंघातून बाहेर पडू, आपला कारभार आपल्या हाती घेऊ. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते. आणि एक गोष्ट मी आईलाही बरेच दिवस सांगितली नव्हती. सार्वमतात मी मतही बाहेर पडण्याच्याच बाजूने दिलं. पटलं म्हणून नाही. भाऊ सांगतोय म्हणून.

बाहेर पडल्यावर कळलं, की आपला ब्रश हा आता प्राणिजन्य माल आहे. दर खेपेला गुरांच्या डॉक्टरचा दाखला हवा. डॉक्टर आला, ब्रश उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, जनावर निरोगी होतं का? मी म्हटलं, डॉक्टर, आता तरी त्याची काही तक्रार नाही. तो हसला नाही, पण सही केली बिचाऱ्याने.

मग कारखान्यातल्या मावशीला देश सोडावा लागला. सव्वीस वर्षं पहिल्या टेबलावर बसणारी, बाबा गेल्यावर मला हाताला धरून काम शिकवणारी आपली मावशी. ती पलीकडची आहे, हे आपण कधी लक्षातच ठेवलं नव्हतं. तिला सरकारी पत्र आलं: तुमचं कौशल्य देशाला आवश्यक आहे हे सिद्ध करा. आवश्यक कौशल्यांच्या यादीत ब्रश बांधणं नव्हतं. बसमध्ये चढताना ती रडली नाही. स्वतःची कात्री पिशवीत घालून म्हणाली, तिकडेही काहीतरी बांधेनच की. तू हल्ली सभांमधून अशा माणसांना ‘पाहुणे’ म्हणतोस. पाहुणे सव्वीस वर्षं आपल्या घरचं काम करत नाहीत, दादा.

आता नाक्याचं. मार्चमध्ये मोठी ऑर्डर होती, म्हणून कागदपत्रं घेऊन मी स्वतः चालकाच्या शेजारी बसून गेले. खिडकीतल्या माणसाने दाखला बघितला आणि परत सरकवला. डॉक्टरची सही काळ्या शाईत होती, निळी हवी होती. नवी सही मागवली, तर फॉर्मची आवृत्ती बदललेली. असे चार दिवस गेले. आमच्या पुढच्या ट्रकमध्ये फुलं होती. तिसऱ्या दिवशी त्याच्या चालकाने ती टोपल्या-टोपल्यांनी रस्त्याच्या कडेला ओतली आणि फुटबोर्डवर बसून निमूटपणे डबा खाल्ला. तेव्हा मी तुला फोन केला. तू म्हणालास, ट्रकचा नंबर दे, दहा मिनिटांत सोडवतो. नंबर अगदी ओठांवर आला होता. मी मागे बघितलं. रांग वळणापलीकडे गेली होती. विचारलं, आणि मागच्यांचं काय? तू म्हणालास, अगं, सगळ्यांचं कसं करता येईल? तू माझी बहीण आहेस. मग फोन बंद झाला. रेंज गेली असं तुला वाटलं असेल. रेंज गेली नव्हती. फोन मी ठेवला होता.

चौथ्या दिवशी ट्रक वळवून घरी आणला. ऑर्डर गेली, तीन टेबलं गेली, सात बायका घरी बसल्या. त्यांच्या दारात जाऊन हे सांगायची वेळ तुझ्यावर आली नाही, माझ्यावर आली. तरी नंबर दिला नाही याचा मला एक क्षणही पस्तावा नाही.

नगरभवनातल्या सभेत तू म्हणालास, आणखी थोडी कळ काढा, हे सगळं पलीकडच्यांनी मुद्दाम चालवलंय. मी उठून म्हटलं, मत मीही दिलं होतं, मी चुकले. आता तूही एकदा म्हण. तुझ्या माणसाने माझा माईक काढून घेतला. त्याला माहीत नव्हतं, मी वीस वर्षं मशीनच्या खडखडाटातून हाका मारते आहे. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तू मात्र घड्याळ बघत होतास.

म्हणून हे पत्र. उद्या अकरा वाजता मी निवडणुकीचा अर्ज भरते आहे, तुझ्याच मतदारसंघातून, तुझ्याच विरोधात. पेपरात वाचण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढा तुझा हक्क आहे. पडेन कदाचित. पण तुला प्रत्येक चौकात उत्तर द्यावं लागेल, याची सोय मी करीन. सूचक म्हणून आईने सही केली आहे. मी तिला दोनदा म्हटलं, नीट विचार कर. ती म्हणाली, त्याला जन्म मी दिलाय, मत पण मीच द्यावं असं कुठे आहे? प्रचाराला आमच्या गल्लीत आलास तर घरी ये. चहा मिळेल. मत नाही.

तुझीच,
धाकटी