नुसतं 'बाई'

बाई,

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, मोजायचाही कंटाळा येतो. खरं तर आता सगळ्याचाच येतो. रबाळ्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतोय, रिटायरमेंटला सहा महिने उरलेत आणि समोर माफीनाम्याचा कागद पडलाय. उद्या सही करून द्यायचाय. कशाबद्दल, तर एका बाईला बाई म्हणालो.

क्वालिटीला नवीन इंजिनिअर आल्यात, माझ्या धाकटीच्या वयाच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. मला ते कोरडं वाटतं. म्हणून लाइनवर सगळ्यांसमोर मी म्हणालो, "बाई, हा माल परत पाठवायचा का?" कोणीतरी फिस्सकन हसलं. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, मालातच काही खोट निघाली. दुपारी माझ्या नावाची तक्रार.

आता हा शब्द मला दिला कोणी? तुम्हीच ना! बोनकोड्याच्या शाळेतला पहिला दिवस. मी बसल्या जागेवरून ओरडतो, "ए बाई, पानी पिऊन येऊ?" आमच्यात आईलाही 'ए' आणि म्हशीलाही 'ए'. तुम्ही जवळ बोलावून माझा कान धरता, पण पिळत नाही. "'ए' काढ. नुसतं 'बाई' म्हण." माझं 'पानी' मात्र तुम्ही तसंच राहू दिलंत. तेव्हापासून जिचा मान ठेवायचा तिला मी बाई म्हणत आलो.

हेच त्यांना सांगायला गेलो, जरा तोऱ्यातच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, माझी आई वाशीला पाच घरची भांडी घासायची. पाचही घरांत ती बाई. एकानेही कधी तिचं नाव विचारलं नाही. तुम्ही मानाने म्हणता, कळतं मला. पण मला तीच हाक ऐकू येते."

आमच्याकडेही 'आज बाई आली नाही' असंच चालतं. तरी चिडचिड होतेच हो. या वयात जीभ वळवायची म्हणजे वैताग नुसता.

म्हणून सहीआधी तुमच्याकडे गाऱ्हाणं घालायला बसलो. निदान तुम्हाला तरी नुसतं 'बाई' नको, वर पूर्ण नाव लिहू म्हटलं. अर्धा तास पेन धरून बसलोय. पहिली ते चौथी तुमच्याकडे शिकलो. तुमच्या मयतीलाही आलो होतो. तिथेही सगळे 'बाई गेल्या' एवढंच म्हणत होते, मीसुद्धा.

माफीनाम्यावर सही केली. हे पत्र घडी घालून कपाटात ठेवतो. बाई, मला तुमचं नाव माहीत नाही.