तळ्याची एक फेरी

प्रिय ठमे,

काल आम्ही तळ्याला फेरी मारून आलो. आम्ही म्हणजे मी, तुझा भाऊ आणि हो, तुझे बाबा. हृदयाच्या ऑपरेशननंतर उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकलेला माणूस. डॉक्टरीणबाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, तळ्याची एक फेरी धाप न लागता झाली की तुम्ही मोकळे, हवं ते करा. पण यांच्या मनानं घेतलं होतं की जिना उतरलो की संपलो. जन्मभर शिडीवर उभं राहून लोकांची घरं रंगवली, आणि आता जिन्याची भीती. बघून माझा जीव तीळ तीळ तुटायचा. काल सकाळी मात्र स्वतःच बूट शोधायला लागले. मी काही विचारलं नाही. विचारलं की फिसकटायचं.

तळं कसं दिसत होतं, काय सांगू तुला. पानगळ ऐन भरात आलेली. सगळा काठ पिवळा, तांबडा, आणि पाण्यातही तेवढाच. वारा अगदी पडलेला. वरून एक पान सुटलं की पाण्यातून दुसरं त्याला भेटायला वर येताना दिसायचं. इतकी वर्षं इथे राहून हे मी कधी पाहिलंच कसं नाही? डोळे भरून आले. प्रत्येक बाकावर टेकत, संत्री सोलत, रमतगमत चाललो होतो. ठमी हवी होती, असं अगदी ओठांवर आलं, पण गिळलं. यांच्यासमोर तुझं नाव काढायची अजून सोय नाही.

पलीकडच्या वळणावर एक झाड होतं. बुंध्यावर वेल चढलेला, तोही पिवळाधमक. ऊन पडून सगळं लखलखत होतं. तुझा भाऊ त्याला टेकायला गेला, तर हे केवढ्यांदा ओरडले, अरे टेकू नकोस, ओलं आहे. आमची हसून हसून पुरेवाट झाली. तेही हसले. मग मान वर करून कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले. दुसऱ्याच्या रंगकामाला त्यांनी आजवर कधी बरं म्हटलेलं नाही. काल म्हणाले, रंगाचा एक हात कमी नाही की जास्त नाही.

तुझ्या लग्नापासून आपण दोघी ते घरात नसतानाच फोनवर बोलतो. आता ते सतत घरात, म्हणून हे पत्र. फेरी पुरी झाली, धाप लागली नाही. शेवटच्या बाकावर बसलो, आणि पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं, ठमीचं घर कितव्या मजल्यावर आहे? मी म्हटलं, चौथ्या, आणि लिफ्ट नाही. म्हणाले, मधे मधे थांबत चढू. रविवारी येतो आहोत. जावयांना घरीच थांबायला सांग. दार मात्र तू उघड.

तुझीच,
आई