मागची खोली, कायमचं कपाट

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचलो. खिडक्या उघडल्या, हेडफोन पुसले, थोडा वेळ डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि टेबलावर ठेवलेली सीडी यंत्रात घातली. वरच्या नावावर कागद चिकटवलेला होता. आमच्या ध्वनिसंग्रहात तशी रीत आहे. एखादा अल्बम कायमच्या कपाटात ठेवायचा की नाही हे तिघांनी ठरवायचं, तिघांनी वेगवेगळं ऐकायचं आणि कोणाचा आहे ते न बघता ऐकायचं. कपाटाबाहेरचं सगळं काही वर्षांनी निकालात काढतात. कपाटात गेलेलं आम्ही गेल्यावरही राहतं. लोक ज्याला अभिजात म्हणतात त्याचा आमच्याकडचा अर्थ एवढाच.

पहिल्या गाण्यात एक अंधारा जिना होता. दुसऱ्यात लिफ्ट दुरुस्त करणारा बाप. तिसऱ्यात एक बाई भांडी घासत होती, आणि तेव्हा मला कळलं की हा तुझा टिल्लू आहे. आवाज आधीच ओळखायला हवा होता, पण तुझ्या घरात मी त्याचा आवाज ऐकलाय कितीसा? दार लोटून घेतल्यासारखं एखाददुसरं बोलायचा. आता सगळं शहर त्याचं नाव घेतंय आणि आम्ही ते कागदाखाली झाकून ठेवलंय. आमचंही काम काही कमी विनोदी नाही.

पहिलाच अल्बम, आणि वर्तमानपत्रांनी त्याला आत्ताच अजरामर ठरवून टाकलंय. मी शेवटपर्यंत ऐकला. ताई, मला काही वाटलं नाही. भावोजी गेले त्या दिवशी मी खुर्च्या मांडल्या आणि संध्याकाळी खुर्च्या उचलल्या, तसंच हे झालं.

तू ऐकलास का? गुडघा कसा आहे? उलट टपाली कळव. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा जिथे होता तिथेच आहे. तुझी पाठ कशी आहे ते तू लिहीत नाहीस, म्हणजे दुखत असणार.

मी ऐकलेलं नाही. ऐकायचं नाही असंच ठरवलंय. आमच्या शिवणखात्यातल्या पोरी कानात वायर घालून काम करतात. त्या काय ऐकतात ते मला त्यांच्या वागण्यावरून कळतं. मला कोणी काही विचारत नाही, पण सगळ्या एकदम मऊ झाल्या आहेत. कॉलर वाकडी बसली की आमची सुपरवायझर आधी माझी खरडपट्टी काढायची. परवा म्हणाली, राहू द्या मावशी, मी उसवते. धाकट्या, तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

वीस वर्षं मी ती मागची खोली झाकत आले. आल्यागेल्याला सांगायचे, ह्यांना बरं नाही, झोपले आहेत. टिल्लूने तिचंच नाव अल्बमला देऊन ती चव्हाट्यावर मांडली. हे गेले तेव्हा आला, भिंतीला टेकून उभा राहिला आणि गेला. त्यानंतर आला नाही, मीही बोलावलं नाही. राग म्हणावा तर तोही येत नाही. उठते, कामाला जाते, येते.

तू ह्यातला जाणकार. गावच्या शाळेत बाक वाजवला म्हणून मार खायचास, आता त्याच नादाचा पगार घेतोस. मला एकच सांग. ते खरंच इतकं चांगलं आहे का? पन्नास वर्षांनी कोणी ऐकेल असं? असेल तर मी सोसेन. काहीतरी मोठं घडायचं होतं आणि त्यात आपलं घर कामी आलं असं समजेन, आणि त्याला घरी बोलवेन. पण नुसतंच बरं असेल, चार दिवसांच्या टाळ्या असतील, तर तेवढ्यासाठी त्याने मला उघडं पाडलं हे माझ्या गळ्याखाली उतरणार नाही. तू हो किंवा नाही लिही. मी त्याप्रमाणे करीन.

पाठीला शेक घे. बाकी तू आहेस, एवढा आधार पुरतो.

तुझी,
ताई


२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाठ दुखते आहे. झालं समाधान?

तू विचारलंस ते सोपं नाही. आमच्या तिघांपैकी व्हायोलिनवाले आजोबा नाही म्हणाले. त्यांच्या मते ह्यात गाणं कुठेच नाही, नुसती तालावरची तक्रार आहे. कॉलेजात शिकवणाऱ्या बाई हो म्हणाल्या. ऐकताना रडल्या, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. राहिलो मी. संग्रहाच्या मुख्य बाई रोज दारातून डोकावतात आणि काही न विचारता जातात.

मी रोज सकाळी ऐकतो आहे. तिसऱ्या गाण्यात तो म्हणतो,

आई नळ मोठा सोडते, भांडं भांड्यावर आपटते,
आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून घर वाजवते.

ह्या ओळींना मागे वाद्य नाही. फक्त त्याचा श्वास आणि जीभ. असं बोलणं शिकवून येत नाही. पण लोक ज्या गाण्यासाठी वेडे झालेत ते शेवटून दुसरं, ‘दार’. त्यात बाप मागच्या खोलीतून आईवर धावून येतो, पोरगा दारात आडवा उभा राहतो आणि बाप मागे फिरतो. तिथे ढोल वाढतात, टाळ्या येतात, दहा गळे त्याच्यामागे लागतात. मला तिथे शब्द मोकळेच फिरताना दिसतात, त्यांना काही काम नाही. तिथे तो सांगत नाही, ओरडतो.

असं माझं मत. पण मत म्हणावं तर त्याची खात्री नाही. लहानपणापासून ज्या भजनाने माझे डोळे भरून यायचे ते मी परवा मुद्दाम लावलं. काही झालं नाही. टेबलाकडे बघत बसलो. मग टिल्लूचं गाणं मला भिडत नाही हा त्याचा उणेपणा की माझा कान मेला आहे? देवाला विचारलं. त्याचाही अभिप्राय आलेला नाही.

आणखी एक. चहाच्या वेळी इथे सगळे तुझ्या घराबद्दल बोलतात. ती आई गप्प का राहिली, तो बाप असा का झाला. मी चहा ढवळत राहतो. हा माझा भाचा, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नावावरच्या त्या कागदाची मला सोयच झाली.

थोडी कळ काढ. रागावलीस तरी चालेल, दूर लोटू नकोस.

तुझा,
धाकटा


३० मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू सगळ्यालाच बरं बरं म्हणतोस आणि मला तुझं बरं बरं नकोय.

आमचा अल्बम तुमच्याकडे तपासायला आलाय असं कार्यक्रमाला आलेल्या कॉलेजच्या बाईंकडून कळलं. तिसरं मत कोणाचं ते त्यांनी नावाने सांगितलं नाही, पण सकाळी खिडक्या उघडून देवाचं नाव घेणारा म्हणाल्या; तसा दुसरा कोण असणार? भाचा आहे म्हणून हो म्हणू नकोस. भाचा आहे म्हणून नाहीही म्हणू नकोस. तुझ्या सचोटीचा काही भरवसा नाही.

मला दोन बक्षिसं मिळाली. घेताना हात पुढे केला, एवढंच आठवतं. ‘दार’ सुरू झालं की हजार माणसं माझ्याबरोबर म्हणतात, काही रडतात, आणि मी समोरच्या बाहेर जायच्या पाटीकडे बघत असतो. मामा, ते गाणं घडलेलं नाही. बाबा बाहेर आले तेव्हा मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं होतं. रोज तेच करायचो. एकदा तरी उठलो असतो तर काय झालं असतं, ते लिहिलं. आता लोक मला तोच पोरगा समजतात.

आईला काय वाटलं हे विचारायची हिंमत नाही. तिचा नंबर काढतो आणि फोन खाली ठेवतो. तिने ऐकलं असेल तर तिला कळलंच असेल कोण दारात होतं आणि कोण नव्हतं.

तू मला आजवर कधी शाबासकी दिली नाहीस. म्हणून विचारतो. चांगलं आहे का? वाट बघतो. लहानपणी खांद्यावर घ्यायचास तेवढं तरी वजन अजून पेलत असेल ना माझं?

तुझा,
टिल्लू


८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निकालाची वाट बघून कंटाळले आणि ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत एका पोरीकडे वायर मागितली. ती बिचारी डबा तसाच ठेवून उठून गेली. इस्त्रीच्या टेबलाशी बसून सगळं ऐकलं. सुट्टी संपून गेली तरी सुपरवायझर काही बोलली नाही.

पोराच्या चुका आहेत. मी काम करताना गुणगुणते असं म्हणतो. मी जन्मात कधी गुणगुणले नाही. हे गुणगुणायचे, ज्या दिवशी बरे असायचे त्या दिवशी, पाना हातात घेऊन. त्यांचं ते त्याने मला देऊन टाकलं. त्यांना बरं असं काही ठेवलंच नाही. हे मला आवडलं नाही आणि तू त्याला तसं सांग.

नळाचं मात्र खरं आहे. मला वाटायचं, ते कोणाला कळत नाही.

दारात कोणी नव्हतं. हा झोपलेला असायचा, किंवा मी तसं समजायचे. पण कोणीतरी यायला हवं होतं रे. ते गाणं मी पुन्हा लावून ऐकलं. रडू आलं नाही. पोरी रडतात म्हणे.

एवढं ऐकूनही माझं मन ठरत नाही. रोज वाटतं त्याला लिहावं, आणि रोज वाटतं, कशासाठी. म्हणून पुन्हा सांगते, तू हो म्हणून टाक. तुझ्या एका ‘हो’मुळे मला पाऊल उचलता येईल. कपाटात जागेची काही अडचण नसेल ना? एवढं तुझ्या बहिणीसाठी कर. नाही केलंस तरी बहीण मीच राहणार, त्याला इलाज नाही.

तुझी,
ताई


१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन तीन-चार दिवस फिरलो. हो लिहिणं अवघड नव्हतं. एका अक्षराचं काम, तुझा मुलगा घरी आला असता, कोणी मला जाब विचारला नसता. पण ज्या कानाचा मला भरवसा नाही त्याचं मत, आणि तेही तुझ्यासाठी वाकवलेलं, कायमच्या कपाटात ठेवून मी रोज त्याच्यासमोरून ये-जा कशी करणार?

आज सकाळी मुख्य बाईंच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की मी ह्या मुलाचा मामा आहे, आणि गाण्यातली ती आई माझी सख्खी मोठी बहीण आहे. बाई म्हणाल्या की हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, आणि आता माझं मत धरता येणार नाही. एक हो, एक नाही. नियमाप्रमाणे अल्बम कपाटाबाहेर. मी बरं म्हणालो. चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. मग मी चहा प्यायलो.

मत धरलं गेलं असतं तर मी काय लिहिलं असतं, ते तुला सांगायचं आहे. मी ‘नाही’ असं लिहिलं असतं. त्यात तीन गाणी आहेत जी टिकतील. नळाचं त्यातलं पहिलं. ‘दार’ त्यात नाही. तुझ्यासाठी ते काय आहे हे मी समजतो, तरीही नाही. बाकीचा अल्बम एका हुशार मुलाचा पहिला अल्बम आहे. गुणगुणण्याबद्दल तू लिहिलंस तेच माझंही म्हणणं आहे: ज्या बापाला एकही बरा दिवस नाही तो बाप पुरता उभा राहत नाही. हा मुलगा पुढे ह्याहून मोठं काम करील असं मला वाटतं, आणि असं वाटणं ही गेल्या कित्येक महिन्यांत मला वाटलेली पहिली गोष्ट आहे.

कचेरीतून तसाच टिल्लूच्या खोलीवर गेलो. हे सगळं त्याला तोंडावर सांगितलं, तुझं गुणगुणण्याचंही. तो अंथरुणाच्या कडेला बसून ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं की आईला हे कळणार का. मी म्हणालो, आत्ता तुझ्यासमोर बसूनच लिहितो. त्याने कागद आणून दिला. मी लिहीत असताना त्याने दाढी केली.

निकालावर तू काय करशील ते तू आधीच लिहिलं आहेस. मी ते विसरलेलो नाही. तरी हे पत्र मी टपालात टाकणार नाही. पाकीट बंद करून त्याच्याच हातात देतो आहे. तू वाचत असशील तेव्हा तो समोर उभा असेल. दुपारपासून काही खाल्लेलं नाही त्याने.

माझ्यावर लोभ ठेव, किंवा आजच्यापुरता माझ्या वाट्याचाही त्यालाच दे.

तुझा,
धाकटा