आईच्या पेटीतल्या अकरा बाहुल्या

ओत्सुझाकी, नारुकोजवळ
१२ सप्टेंबर

तीर्थरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींच्या जाळ्यात यंदा माकूळ येतो का? इकडे भात पिवळे पडू लागले आहे, रानडुकरांनी बांधाकडचा पट्टा लोळवला, आणि शाळेची बस अजून मीच चालवतो (मुले सातच उरली आहेत, पण दंगा सत्तरांचा). बुद्धकृपेने सर्व क्षेम आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

बाबा गेल्यापासून बावीस वर्षे मी त्यांच्या लाकडी कोकेशी बाहुल्या गोळा करतो आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्यांनी मला लेथवर बसवायचा प्रयत्न केला तेव्हा मी पळालो, आणि आता त्यांनीच कातलेले लाकूड जुन्या बाजारांतून, बंद पडलेल्या धर्मशाळांतून शोधत फिरतो. बाहुली उचलायची, उलटी करायची, तळावर शाईने ‘तोकुसाबुरो’ लिहिलेले दिसले की घ्यायची. अशा चौऱ्याहत्तर झाल्या. (तुझी भावजय मिनेको म्हणते, “लोकांकडे गेलं की माणसं आधी माणसांकडे बघतात, तुम्ही बाहुलीचं बूड बघता.”) त्यांतली सर्वांत देखणी, खाली पाहून किंचित हसणारी, मी देव्हाऱ्यात बाबांच्या नावाच्या पाटीपुढे ठेवली होती. रोज सकाळी पहिला भात तिच्यासमोर.

पण अकरा बाहुल्यांनी माझा जीव खाल्ला होता. त्या बाजारातल्या नव्हेत, आई गेल्यावर तिच्या कपड्यांच्या पेटीत तळाशी मिळाल्या. एकीचा डावा डोळा कपाळावर, दुसरीचे नाक गालाकडे निघालेले, अंगावर रंगवलेली शेवंती बैलाने तुडवल्यासारखी. तळावर मात्र बाबांचेच नाव. मी समजलो, ही त्यांच्या दारूच्या दिवसांतली कामे, आईने लाजेने लपवली असणार. मुलगा म्हणून ती लाज कायमची झाकणे माझे कर्तव्य.

परवा देवळात बाहुल्यांना निरोप देण्याचा विधी होता. अकराही पांढऱ्या कापडात बांधून नेल्या, हात जोडले, सूत्रपाठ झाला, अग्नी दिला. भिक्षूंनी सर्वांसमोर माझ्या पितृभक्तीचे कौतुक केले. (मी मान खाली घातली. कौतुक होताना ती कशी घालायची, ते मला चांगले जमते.)

बाहेर बाकावर शिगे आजी तांदळाचे गोळे खात बसल्या होत्या. शेजारच्या कातारीबुवांच्या विधवा, वय एक्याण्णव, दात चार. देव्हाऱ्यातली बाहुली मी विधीनंतरच्या बाहुल्यांच्या प्रदर्शनासाठी बरोबर नेली होती, ती त्यांच्या हातात दिली आणि सांगितले, “बघा आजी, बाबांचा हात!”

आजींनी तिची मान फिरवली. ती कुईं करून वाजली.

“लाकूड त्याचं. तोंड इसोचं.”

“कुणाचं? आईचं?”

“मग काय माझं? तुझा बाप कातायचा, तुझी आई रंगवायची. नाव ज्यानं कातलं त्याचं, हीच रीत. त्याच्या हातात कुंचला दिला की बोटं लटपटायची, न पिताच. तरी नवीन वर्षाला हट्ट धरायचा, आज मीच काढणार! एक काढायचा आणि घामाघूम व्हायचा. तुझी आई पोट धरून हसायची. ती बाहुली विकू द्यायची नाही, पेटीत ठेवायची.” मग त्यांनी बोटे चाटली. “कुठं आहेत रे त्या?”

ताई, मी देवळाकडे धावलो. पन्नाशीचा माणूस, सणाचे कपडे, पायात लाकडी खडावा. भिक्षू लोखंडी दाताळ्याने राख सारखी करत होते. काही उरले का, विचारले, तर ते मायेने म्हणाले, “निर्धास्त राहा. एकही अर्धवट राहिली नाही.”

परत आलो तेव्हा आजी म्हणाल्या, “कातारीच्या पोराला एवढंही माहीत नाही? बावीस वर्षं तळ बघत फिरलास, मेल्या, एकदा तोंडाकडे बघितलं असतंस!”

(तुला हे माहीत होते का? असेल तर या पत्रापुरते नव्हते असे समज.)

काल देखणी बाहुली वीतभर डावीकडे सरकवली, आईच्या पाटीपुढे. बावीस वर्षांत आईच्या वाट्याला ही एक वीत आली. बाबांपुढे आता काहीच नाही. प्रार्थनेला बसलो, पण क्षमा दोघांपैकी कुणाची आधी मागावी तेच सुचेना. मिनेको म्हणाली, “दोघं आता एका ठिकाणीच असतील. एकदाच मागा आणि उठा, बसची वेळ झाली.”

तुझा,
मोरिहिको

ता. क. : तुझ्या लग्नात बाबांनी दिलेली ती बाहुली, एक डोळा कानाला टेकलेली. ती टाकून दे म्हणून मी तीन पत्रांत तुझ्या मागे लागलो होतो. टाकू नकोस. बाबांच्या हातची आता तेवढीच. पार्सलने पाठव, हात जोडतो.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करणार तोच तुझा फोन आला, मिनेकोने घेतला आणि त्या बाहुलीचे विचारले. तू म्हणालीस म्हणे, “ती होय? ती मी नऊ वर्षांची असताना रंगवलेली, म्हणून तर बाबांनी मला दिली.”

तरी पाठव, बाबांच्या पाटीपुढे ठेवीन. बाबांना मी यातले काही सांगणार नाही.